कानातल्या हेअर सेलवर करिअर करायचंय? आधी प्रेप निवडा, मग परीक्षा

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातली नाहीतर एमएस्सी करणारी मुलंमुली विचारतात की न्यूरोसायन्समध्ये जायचंय, ऐकण्यावर काम करायचंय, तर कुठली परीक्षा देऊ? परीक्षांचं खाली सांगतेच, पण या फील्डमध्ये परीक्षेच्याही आधी एक प्रश्न येतो जो सहसा कुणी विचारतच नाही. कुठल्या प्राण्याच्या कुठल्या अवयवातली पेशी तुम्ही पुढची दहा वर्षं बघत बसणार आहात? ऐकण्याच्या संशोधनात ज्यांनी खरोखर काही शोधून काढलं त्यांची करिअर नीट बघितली तर बहुतेकांचं काम एका चांगल्या प्रेपवर उभं आहे. प्रेप म्हणजे जिवंत टिश्यू काढून, मायक्रोस्कोपखाली मांडून, तिच्यावर मोजमाप करता येईल अशी ठेवायची ती सगळी तयारी. ती जमली की प्रश्न आपोआप सुचायला लागतात, आणि ती नाही जमली तर कितीही भारी प्रश्न असला तरी कागदावरच राहतो.

आधी पेशी कशी चालते ते बघू, कारण अर्ज लिहिताना, इंटरव्ह्यूत, सगळीकडे हेच लागतं. कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातला तो गोगलगायीच्या शंखासारखा भाग, त्यात हेअर सेलच्या, म्हणजे आवाज ओळखणाऱ्या पेशींच्या, रांगा असतात. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर बारीक काड्यांचा झुपका, त्याला हेअर बंडल म्हणतात, आणि काड्यांची उंची पायऱ्यांसारखी वाढत जाते. आवाजाने बंडल उंच काड्यांच्या बाजूला झुकलं की एका काडीच्या टोकापासून शेजारच्या उंच काडीला गेलेला एक अतिशय बारीक धागा, टिप लिंक, ताणला जातो, त्या ताणाने चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातला प्रोटीनचा दरवाजा, उघडतो, पोटॅशियम आत शिरतं, पेशीचं व्होल्टेज बदलतं आणि खालच्या टोकाला सिनॅप्सवरून, म्हणजे पेशी आणि नर्व्ह जिथे भेटतात तिथून, नर्व्हला निरोप जातो. अगदी हळू आवाजाला बंडल हलतं ते नॅनोमीटरच्या मापात.

आता आकडे बघा. माणसाच्या एका कानात इनर (आतल्या ओळीतल्या) हेअर सेल साधारण ३,५०० आणि आउटर (बाहेरच्या ओळींतल्या) साधारण १२,०००, बस. डोळ्याच्या रेटिनात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी कोटींच्या घरात असतात. त्यामुळे डोळ्यावर काम करणाऱ्यांना टिश्यू गोळा करून प्रोटीन वेगळं काढणं जमलं, कानावाल्यांना ते जमण्यासारखं नव्हतंच. म्हणून तर हेअर सेलचा तो चॅनल नक्की कशाचा बनलाय हे कळायला इतका वेळ लागला, टीएमसी१ हे जीन २००२ मध्ये बहिऱ्या कुटुंबांतून सापडलं आणि तेच प्रोटीन चॅनलचं छिद्र बनवतं याचा भक्कम पुरावा २०१८ च्या सुमारास आला. वर सस्तन प्राण्यांमध्ये कॉक्लियातल्या या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. इतकी थोडी, इतकी नाजूक, हाडात गाडलेली पेशी, म्हणून प्रेपला एवढं महत्त्व.

जिम हडस्पेथ यांचंच घ्या. हार्वर्डमधून पीएचडी आणि एमडी दोन्ही, मग स्टॉकहोमचं कॅरोलिन्स्का, कॅल्टेक, यूसीएसएफ, टेक्सास आणि १९९५ पासून न्यूयॉर्कची रॉकफेलर युनिव्हर्सिटी. जागा बदलत गेल्या पण बुलफ्रॉगचं सॅक्युलस कितीतरी वर्षं सोबत राहिलं. सॅक्युलस हा बेडकाच्या कानातला जमिनीची कंपनं ओळखणारा अवयव, तो पातळ आणि सपाट असतो, त्यामुळे बंडल वर तोंड करून उघडी मिळतात. १९७७ मध्ये त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड कोरी याने काचेच्या बारीक सुईने बंडल ढकलून पेशीचा प्रतिसाद मोजला. १९७९ मध्ये दाखवलं की प्रतिसाद मायक्रोसेकंदांत सुरू होतो, आणि एवढ्या वेळात कुठलीही केमिकल साखळी चालूच शकत नाही म्हणजे चॅनल थेट ओढूनच उघडत असणार. हे टिप लिंक दिसायच्याही आधीचं आहे हो, टिप लिंकचं वर्णन १९८४ मध्ये आलं! चांगल्या प्रेपमुळे न दिसणारी गोष्टसुद्धा मोजमापातून सांगता आली, मला अजूनही हे वाचताना भारी वाटतं.

त्याच काळात केंब्रिजमध्ये रॉबर्ट फेटिप्लेस आणि अँड्र्यू क्रॉफर्ड कासवाच्या कानावर होते. कासवाच्या हेअर सेलमध्ये बारीक इलेक्ट्रोड घालून करंट दिला की व्होल्टेज ठराविक फ्रिक्वेन्सीला हेलकावे खातं आणि ती फ्रिक्वेन्सी म्हणजे त्या पेशीला जो सूर सगळ्यात चांगला ऐकू येतो तीच. प्रत्येक पेशी आपापल्या सुराला लावलेली, १९८१ चं काम हे. फेटिप्लेस नंतर अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले आणि तिथेही हेअर सेलच.

तिसरं नाव क्रिस्टीन पेटी, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या, आणि त्यांचा रस्ता वेगळा म्हणून मुद्दाम सांगते. त्या डॉक्टर आणि जेनेटिसिस्ट, त्यांनी सुरुवात केली पिढ्यान्‌पिढ्या बहिरेपणा असलेल्या कुटुंबांपासून. ओटोफर्लिनचं जीन त्यांच्या टीमने १९९९ मध्ये लेबनॉनमधल्या कुटुंबांत शोधलं. मग हे प्रोटीन करतं काय? २००६ मध्ये गॉटिंगेनच्या टोबियास मोझर यांच्या ग्रुपबरोबर दाखवलं की इनर हेअर सेलमधून नर्व्हकडे निरोप सोडायला ते लागतंच. आणि २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये चीनमधल्या ट्रायलचा पेपर आला, हेच जीन खराब असलेल्या ६ मुलांच्या एका कानात बरोबर असलेलं जीन सोडलं आणि ५ मुलांचं ऐकणं बऱ्यापैकी परत आलं. १९९९ ते २०२४! मधली ती माऊसच्या कॉक्लियात मान खाली घालून काढलेली वर्षं बाहेर कुणाला दिसत नाहीत पण त्यांच्याशिवाय हे झालं नसतं. या तिघांना, हडस्पेथ, फेटिप्लेस आणि पेटी यांना, २०१८ चं न्यूरोसायन्सचं काव्हली प्राइझ मिळालं. बेडूक, कासव आणि माणसांची कुटुंबं.

तर आता तुम्ही काय निवडायचं? आज बेडूक-कासवावर फार कमी लॅब उरल्यात कारण त्यांत जेनेटिक्स करता येत नाही. खरे पर्याय तीन.

माऊस. वैद्यकीय महत्त्वाचा प्रश्न असेल तर शेवटी इथेच यावं लागतं. जन्मल्यापासून पहिल्या आठवड्यातली पिल्लं वापरतात कारण तेव्हा कॉक्लियाभोवतीचं हाड अजून मऊ असतं. काम साधारण असं चालतं: टेम्पोरल बोन काढायचं, थंड सलाइनमध्ये मायक्रोस्कोपखाली धरायचं, पाच नंबरच्या टोकदार फोर्सेप्सने कॉक्लियावरचं कवच तुकड्यातुकड्याने सोलायचं, मग बाहेरच्या भिंतीची पट्टी एका टोकाला धरून हळूच उलगडत न्यायची, आणि हे करताना पेशींच्या पट्टीला धक्का लागता कामा नये. वर टेक्टोरियल मेंब्रेन असतं, जेलीसारखं पारदर्शक, ते एका कोपऱ्यातून पकडून उचललं की पूर्ण लांबीभर निघून येतं. निघालं तर. मग फिक्स करून, म्हणजे केमिकलने टिश्यू आहे तशी टिकवून, चमकणारं फॅलॉयडिन लावायचं, ते अॅक्टिन या प्रोटीनला चिकटतं आणि बंडल अॅक्टिननेच भरलेली असतात, कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर ठेवलं की एक ओळ इनर पेशींची आणि तीन ओळी आउटर पेशींच्या, प्रत्येकीवर बंडल, आउटर पेशींवर ते व्ही आकाराचं, सगळे व्ही एकाच दिशेला. ज्याने हे स्वतःच्या हाताने केलेल्या टिश्यूत एकदा बघितलं तो सहसा हे फील्ड सोडत नाही. हात बसायला महिने लागतात, आठवडे नाही, आणि पहिले बरेच नमुने फाटतात, ते धरूनच चला.

माऊसवाल्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सगळ्यात जास्त वापरली जाणारी सी५७ब्लॅक६ ही जात काही महिन्यांतच वरच्या फ्रिक्वेन्सीचं ऐकणं गमवायला लागते, कारण तिच्यात कॅडहेरिन-२३ च्या जीनमध्ये दोष आहे, आणि हे प्रोटीन टिप लिंकचाच अर्धा भाग. म्हणजे तुम्ही औषधाचा नाहीतर म्युटेशनचा परिणाम म्हणून जे मोजताय ते नुसतं त्या जातीचं म्हातारपणही असू शकतं. कुठल्याही लॅबमध्ये जॉइन व्हायच्या आधी विचारा की माऊसचं बॅकग्राउंड, म्हणजे मूळ जात, कुठलं आहे, वयानुसार कंट्रोल ठेवता का. सीबीए जातीचं ऐकणं खूप जास्त टिकतं म्हणून नॉइजवरची कामं त्यात करतात.

झेब्राफिश. माझ्या मते भारतातून सुरुवात करायची तर हा सगळ्यात शहाणपणाचा पर्याय. माशाच्या अंगावर लॅटरल लाइन असते, पाण्याची हालचाल ओळखणारी, आणि तिच्यातल्या न्यूरोमास्टमध्ये, म्हणजे पेशींच्या छोट्या पुंजक्यांत, हेअर सेल चक्क कातडीवर असतात. हाड फोडायचं नाही, कवच सोलायचं नाही. पाच दिवसांची पिल्लं घ्यायची, पाण्यात डाय टाकायचा, तो चॅनलमधूनच आत शिरतो म्हणून चालू पेशीच चमकतात. निओमायसिन हे अँटिबायोटिक टाकलं की तासाभरात पेशी मरतात, आणि दोनतीन दिवसांत परत उगवतात! आपल्या कानात जे होत नाही ते इथे डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे हेअर सेल वाचवणारी औषधं शोधणं आणि परत वाढ का होते हे शोधणं, दोन्ही प्रश्न इथे विचारता येतात. जेन्टामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं आपल्याकडे किती वापरली जातात ते घरोघरी माहितीये, त्याच गटातलं निओमायसिन, आणि या गटाच्या औषधांनी माणसाच्या हेअर सेलही मरू शकतात, त्यामुळे प्रश्न लांबचा नाही. झेब्राफिशवर मुंबईत टीआयएफआरमध्ये आणि पुण्यात आघारकर इन्स्टिट्यूटमध्ये काम होतं, तिथल्या लॅबचे विषय कानाचे नाहीत, पण मासा सांभाळणं, अंडी गोळा करणं, इमेजिंग हे सगळं तिथे शिकता येतं आणि ते हातात असलं की कानाच्या लॅबमध्ये तुमचा अर्ज वेगळा दिसतो.

तिसरी फळमाशी. तिच्या अँटेनाच्या दुसऱ्या भागात जॉन्स्टन्स ऑर्गन असतो, साधारण ५०० न्यूरॉनचा, नर पंख फडफडवून जे गाणं म्हणतो ते मादी यानेच ऐकते. माशीत हा अवयव बनायला अटोनल हे जीन लागतं आणि माऊसमध्ये त्याचं भावंड एटीओएच१ काढून टाकलं तर हेअर सेल बनतच नाहीत, १९९९ मध्ये कळलं हे. खर्च कमी, जेनेटिक्स जोरदार. पण माशीत खऱ्या अर्थाने हेअर सेल नसतात, तिथे न्यूरॉनच थेट ताण ओळखतो आणि चॅनलही वेगळे, त्यामुळे जेनेटिक्स शिकायला माशी उत्तम, पण पुढे हेअर सेलवरच जायचं असेल तर पीएचडीनंतर प्राणी बदलायची तयारी ठेवा.

आणि हो, मेंदूत आवाजाचं पुढे काय होतं यात रस असेल तर ते वेगळं काम, तिथे प्रेप वेगळे आणि लोकही वेगळे. आयसर पुण्यात झेब्रा फिंच पक्ष्याच्या गाण्यावर काम करणारी लॅब आहे, ते त्या बाजूचं. दोन्ही एकच समजून मेल करू नका.

आता शिक्षण. बारावीनंतर आयसरला जायचं तर आयएटी ही प्रवेश परीक्षा, मुंबईत कलिनाला सीईबीएस हे विज्ञानाचं केंद्र आहे त्यासाठी नेस्ट. साध्या कॉलेजात बीएस्सी केली म्हणून काही बिघडत नाही, पण फिजिक्स सोडू नका, हे मी बायोलॉजीच्या प्रत्येक मुलाला सांगते. ही पेशी म्हणजे एक यांत्रिक गोष्ट, स्प्रिंग, घर्षण, रेझोनन्स, आरसी सर्किट हे कळत नसेल तर या फील्डमधले अर्धे पेपर डोक्यावरून जातात. फिजिक्स-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना उलट सांगते, बिनधास्त या, इथे तुमची गरज आहे, डिसेक्शन शिकता येतं. पायथन नाहीतर मॅटलॅब, दोन्हीपैकी एक नीट यायला हवं, कारण डेटा शेवटी वेव्हफॉर्मच असतो. बीएएसएलपी, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या तपासणीची डिग्री, करून ऑडिओलॉजिस्ट झालेल्यांनाही दार बंद नाही, मुंबईचं अली यावर जंग किंवा म्हैसूरचं एआयआयएसएच या संस्थांतून आलेल्या माणसाला ऑडिओग्राम (कुठला सूर किती हळू ऐकू येतो त्याचा आलेख) आणि एबीआर (आवाजाला नर्व्ह आणि मेंदू देतात त्या विजेच्या प्रतिसादाची नोंद) वाचता येतो, आणि माऊसच्या लॅबमध्येही ऐकणं मोजायचं ते एबीआरनेच. एबीआरची पहिली वेव्ह नर्व्हची. २००९ मध्ये बोस्टनच्या कुजावा आणि लिबरमन यांनी दाखवलं की मोठ्या आवाजानंतर माऊसची ऐकण्याची पातळी नॉर्मलला येते तरी ही पहिली वेव्ह लहानच राहते, कारण इनर हेअर सेलवरचे सिनॅप्स गेलेले असतात, काही भागात जवळजवळ निम्मे. म्हणजे ऑडिओग्राम चांगला आणि आत नुकसान. हे ज्याला पटकन समजतं तो ऑडिओलॉजिस्टच.

पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा, आणि टीआयएफआर-एनसीबीएसवाल्यांची जीबिल्स साधारण डिसेंबरमध्ये. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये आतल्या कानाच्या आणि हेअर सेलच्या घडणीवर काम चालतं, देशात राहून याच विषयात करायचं तर पहिला अर्ज तिथे. फेलोशिप २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० अधिक एचआरए, घरच्यांना आधीच नीट सांगून ठेवा की पाच-सहा वर्षं एवढ्यावरच काढायची आहेत, मागाहून त्यावरून घरात वाद होण्यापेक्षा बरं.

बाहेर जायचं तर अमेरिकेत प्रोग्रॅमला अर्ज करायचा, बहुतेक ठिकाणी डिसेंबरपर्यंत, आणि पहिल्या वर्षी दोनतीन लॅबमध्ये रोटेशन मिळतं. हार्वर्डमध्ये स्पीच अँड हिअरिंगचा स्वतंत्र पीएचडी प्रोग्रॅमच आहे. युरोपात बऱ्याचदा थेट प्रोफेसरला मेल, लंडनचं यूसीएल इअर इन्स्टिट्यूट आणि गॉटिंगेन ही दोन ठिकाणं आधी बघा. मेल लिहिताना "आय अॅम इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड वर्क" वगैरे नको. त्यांचा एक पेपर घ्या, त्यातली एक फिगर घ्या, आणि त्या फिगरबद्दल तुम्हाला खरोखर पडलेला प्रश्न चार ओळीत लिहा, खाली तुम्ही स्वतःच्या हाताने काय काय केलंय ते. मार्कांचं सीव्हीत असतंच. आठवड्याने एक रिमाइंडर टाका, त्यात लाजण्यासारखं काही नाही, लोक खरंच बिझी असतात.

लॅब निवडताना गाईडचं नाव बघता तसं हेही बघा की तिथे प्रेप शिकवणारं माणूस सध्या आहे का. एखादी सिनियर पोस्टडॉक नाहीतर टेक्निशियन, जिच्या हातून रोज कॉक्लिया व्यवस्थित निघतं, ती लॅब सोडून गेली की ती विद्या लॅबमधून जाते, प्रोटोकॉल वाचून ती येत नाही. व्हिडिओ कॉलवर सरळ विचारा, डिसेक्शन मला कोण शिकवेल? उत्तर पटकन आलं तर उत्तम.

पीएचडीत असताना एआरओची, म्हणजे कानावर संशोधन करणाऱ्यांच्या संघटनेची, मिडविंटर मीटिंग एकदा तरी करा, या फील्डमधले जवळजवळ सगळे लोक तिथे येतात आणि पोस्टडॉकच्या जागा पोस्टरसमोर बोलताना ठरतात. अमेरिकेतल्या वुड्स होलला आतल्या कानाच्या बायोलॉजीचा कोर्स होतो, त्यावर लक्ष ठेवा, कारण तिथे वेगवेगळ्या प्राण्यांचे प्रेप मोठ्या लोकांकडून हातात धरून शिकायला मिळतात.

पोस्टडॉकला गेल्यावर पैशाचं एक नीट लक्षात ठेवा. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची एफ३२ फेलोशिप भारतीय पासपोर्टवर मिळत नाही, तिला सिटिझनशिप नाहीतर ग्रीन कार्ड लागतं, पण एनआयएचचीच के९९ ही ग्रँट मिळते, तिला ती अट नाही, मात्र पोस्टडॉकची साधारण चार वर्षं संपायच्या आत अर्ज करावा लागतो. आपली मुलं तिसरं वर्ष संपेपर्यंत हे बघतच नाहीत आणि मग प्रिलिमिनरी डेटा नसतो. पहिल्याच वर्षी के९९ ची तारीख कॅलेंडरवर टाका आणि उलट मोजत या, डेटा कधी हवा, माऊसची ब्रीडिंग कधी सुरू करायला हवी. ब्रीडिंगला जितका वेळ लागतो असं वाटतं त्यापेक्षा जास्तच लागतो.

भारतात परत यायचं असेल तर केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची (डीबीटी) रामलिंगस्वामी फेलोशिप परत येणाऱ्यांसाठीच आहे, आणि इंडिया अलायन्सच्या फेलोशिपवरही लक्ष ठेवा. परत येणाऱ्याने प्रश्न असा आणावा जो इथेच नीट सोडवता येतो. उदाहरण देते. जन्मजात बहिरेपणाच्या जीनमध्ये जीजेबी२ जगभर वरच्या क्रमांकावर आहे, पण युरोपातल्या लोकांत त्याचं जे म्युटेशन जास्त दिसतं ते आपल्याकडे कमी, आपल्याकडे त्याच जीनचं डब्ल्यू२४एक्स हे म्युटेशन जास्त सापडतं. नात्यात लग्नं होणारे समाज आपल्याकडे आहेत, आतेमामे भावंडांचं लग्न महाराष्ट्रातही नवीन नाही, त्यामुळे दोन्हीकडून एकच म्युटेशन आलेली मुलं आणि अजून ओळखली न गेलेली जीन्स इथे सापडू शकतात. पेटी यांनी लेबनॉनच्या कुटुंबांबरोबर जे केलं ते सोलापूर-कोल्हापूरकडच्या कुटुंबांबरोबर करता येईल, आणि सापडलेलं जीन झेब्राफिशमध्ये बंद करून न्यूरोमास्टमध्ये काय बिघडतं ते बघायला मोठं माऊस हाउसही लागत नाही. एथिक्स कमिटीची परवानगी, कुटुंबांना त्यांच्या भाषेत समजावून घेतलेली संमती आणि रिपोर्ट आल्यावर तो त्यांना नीट सांगणारा एक जेनेटिक काउन्सेलर, या तीन गोष्टी पहिल्या बजेटमध्येच धरा, आणि जवळच्या मूकबधिर शाळेच्या शिक्षकांशी ओळख प्रोजेक्ट मंजूर व्हायच्या आधीच करून ठेवा, कुटुंबं त्यांच्यामुळेच येतात.